सायगावातली खानावळ

मी शाळेत असताना मराठी वर्तमानपत्रांत 'सायगाव' असं छापून यायचं. बातम्या बॉम्बच्या, पळापळीच्या. नाव मात्र आपल्याच एखाद्या खेड्याचं वाटावं असं. येवल्याकडे एक सायगाव आहे, जावळीत एक आहे. आमच्या वर्गातल्या एकाने तर 'सायगावला एस.टी. कुठून सुटते' असं मास्तरांना विचारून छडी खाल्ली होती. ३० एप्रिल १९७५ ला ते युद्ध संपलं आणि पुढच्या वर्षी शहराचं नाव हो चि मिन्ह सिटी झालं. २०१९ च्या नोव्हेंबरात मी तिथे गेलो तेव्हा माणसांच्या तोंडी सायगावच होतं. नावं बदलणाऱ्यांचं आणि बोलणाऱ्यांचं सगळीकडे असंच चालतं.

आमचा धाकटा मुलगा तिथे एका औषध कंपनीत नोकरीला लागला होता. वर्षभराने सुट्टीवर आला तो नऊ किलो वजन घटवून. आजार नव्हता, काही नव्हतं. पोरगा जेवतच नव्हता. मी मास्तरकीतून निवृत्त झालो होतो, बायकोला राहवेना. तिकिटं काढली आणि चार आठवड्यांसाठी दोघं गेलो. ती बॅगेत कपडे कमी आणि मसाले जास्त घेऊन निघाली.

त्याचा हिशेब आम्ही पहिल्या संध्याकाळी समजून घेतला. शहराच्या मध्यभागी हिंदुस्थानी पद्धतीची हलाल हॉटेलं होती. तिथे बिर्याणीची प्लेट दीड लाख डोंगला. दीड लाख ऐकून बायकोने डोळे विस्फारले. पण तेव्हा आपल्या एका रुपयाला सव्वातीनशेच्या आसपास डोंग मिळत, म्हणजे साडेचारशे रुपये. रोज दोन वेळा तिथे जेवायचं तर पगाराचा मोठा तुकडा तिथेच जायचा, आणि पोराला घरी पैसे पाठवायचे होते, बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडायचं होतं. म्हणून आठवड्यातून एकदा बिर्याणी आणि बाकीचे दिवस पाव, अंडी, केळी. खालच्या रस्त्यावर मात्र दोन्ही बाजूंनी माणसं पस्तीस-चाळीस हजारांत, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपयांत, पोट भरून उठत होती. आमचा मुलगा त्या जेवणाच्या मधून चालत घरी यायचा आणि पाव भाजायचा.

सायगावचा रस्ता म्हणजे एक लांबलचक खानावळ आहे. वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं, तसंच बुटकं टेबल, आणि त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसलेले साहेबापासून हमालापर्यंत सगळे. फुटपाथवर मोठं पातेलं उकळत असतं. पहिल्या सकाळी त्या वासाने मी जागच्या जागी थांबलो. आलं आणि कांदा विस्तवावर भाजल्याचा वास, त्यामागे दालचिनी, लवंग, मसाला वेलची आणि सगळ्यांच्या वर बादियान, म्हणजे आपलं चक्रीफूल. डोळे मिटले असते तर म्हटलं असतं, कुणाच्या तरी घरी पाये शिजताहेत.

माझे अब्बा जहाजावर भंडारी होते. आमच्या दापोली-मंडणगडकडच्या घराघरांतून तेव्हा एकेक जण बोटीवर असायचा. कोणी खलाशी, कोणी सारंग, कोणी भंडारी. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. अब्बा सिंगापूर, पिनांग, हाँगकाँगच्या गोष्टी सांगायचे. त्यांत इमारती, मडमा असलं काही नसे. कुठे काय खाल्लं आणि ते कितीला पडलं, एवढंच. आणि एक नियम ते पुन्हा पुन्हा सांगत: परक्या बंदरात उतरलं की आधी मशीद शोधायची आणि मशिदीच्या दारातल्या हॉटेलात कधी जेवायचं नाही. तिथे मुसाफिराला कापतात. मशिदीत झाडू मारणाऱ्याला विचारायचं, बाबा, तू कुठे जेवतोस?

मुलाला हा नियम ठाऊक होता की नाही, कोण जाणे. आजकालची पोरं फोनला विचारतात, आणि फोन मशिदीच्या दारातलंच हॉटेल दाखवतो.

रस्त्यावर आम्ही का खात नव्हतो, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. व्हिएतनाममध्ये डुकराचं मांस हेच रोजचं मांस. सुपाच्या पाण्यात हाडं त्याची, भातावर तुकडे त्याचे, पावात काप त्याचे. मुलाने एक वाक्य पाठ केलं होतं, 'खोंग थित् हेओ', डुकराचं मांस नको. बायका हसून मान डोलवायच्या आणि वाढलेल्या वाडग्यातून काड्यांनी तुकडे वेचून, तोच वाडगा अगदी मायेने परत पुढे करायच्या. आता त्यांना काय म्हणणार? नको म्हणण्यामागे तुकडा आणि पाणी असा भेद नसतो, हे समजवायला त्याच्याकडे भाषा नव्हती.

एक सोय होती ती 'चाय'ची. हा आपला चहा नव्हे. बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत. त्यांच्या शाकाहारी जेवणाला चाय म्हणतात. तशी स्वस्त दुकानं शहरात जागोजागी आहेत. आम्ही एका दुकानात गेलो आणि ताटात समोर आलं काय? सोयाबीन आणि गव्हाच्या पिठापासून केलेलं, रंगाने, कडेच्या चरबीच्या पट्टीने, तंतोतंत डुकराच्या मांसासारखं दिसणारं काहीतरी! शाकाहारी लोकांना शाकाहारी डुक्कर. बायकोने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे हराम नाही, हे मला कळतंय. पण माझ्या हाताला कळत नाहीये." आम्ही नुसता भात आणि पालेभाजी खाऊन उठलो.

शुक्रवारी दोंग यू रस्त्यावरच्या मशिदीत गेलो. ही १९३५ साली दक्षिण हिंदुस्थानातून गेलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी बांधली. त्याआधीही त्या जागी एक मशीद होती. चार मिनार, मोकळा ओटा, वुजूसाठी पाण्याचा हौद. आजूबाजूला काचेचे उंच मनोरे, मध्ये ही. ज्यांनी बांधली त्यांची माणसं १९७५ नंतर बहुतेक निघून गेली. फ्रेंचांच्या काळात आलेल्या या तमिळ लोकांची एक खूण मात्र व्हिएतनामी जिभेवर राहिली. तिथे रश्शाला 'का री' म्हणतात, नारळाच्या दुधात शिजवतात आणि फ्रेंच पद्धतीच्या लांब पावाशी खातात. तमिळ कढी आणि फरांसी रोटी एकाच ताटात.

जमात भलतीच मिश्र होती. मलेशियाचे पर्यटक, कुणी अरब, आपल्याकडचे व्यापारी, आणि त्यांच्यात सावळे, बारीक चणीचे, लुंगी नेसलेले, डोक्याला पांढरी टोपी घातलेले काही जण. 'आमीन' मोठ्याने म्हणणाऱ्यांत ते होते आणि मीही होतो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई; बाकी महाराष्ट्रातले बहुतेक हनफी. त्यामुळे परक्या मशिदीत मोठ्याने आमीन म्हणणारा शेजारी भेटला की आम्हाला गाववाला भेटल्यासारखं होतं. नमाजनंतर मी अब्बांचा नियम वापरला. हौदाजवळचा कचरा गोळा करणाऱ्या एका वयस्क माणसाला मुलाकरवी, खाणाखुणांनी विचारलं: तुम्ही कुठे जेवता? तो आधी हसला. मग त्याने समोरच्या हॉटेलाकडे बोट दाखवून 'महाग' अशी खूण केली आणि मुलाच्या फोनवर एका रस्त्याचं नाव टाकून दिलं. युओंग बा चाक. तेव्हाच्या आठव्या जिल्ह्यात, कालव्यांच्या पलीकडे.

सायगावातल्या गल्ल्यांना नावं नसतात, आकडे असतात. मोठ्या रस्त्यावरचा घर क्रमांक तोच गल्लीचा. अशा एका आकड्याच्या गल्लीत आम्ही शिरलो आणि बायको एकदम म्हणाली, "अगंबाई, मुंब्रा!" दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागेल एवढी रुंदी. दारात कपडे वाळत घातलेले. डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेल्या बायका पायरीवर बसून भाजी निवडताहेत. लुंगीतला एक म्हातारा खाटेवर पडून रेडिओ ऐकतोय. कायदा छातीशी धरून मुलं मदरशातून सुटताहेत. आणि गल्लीच्या पोटात जामिउल अन्वर मशीद. ही चाम लोकांची वस्ती. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात, कंबोडियाच्या सरहद्दीजवळ, आन ज्यांग प्रांतात चाउ दोक म्हणून गाव आहे. तिकडून ही कुटुंबं पोटासाठी शहरात आली. जशी आमची मुंब्र्याला आणि त्याआधी डोंगरीला.

खानावळ म्हणजे एका घराची पुढची खोली. सहा टेबलं, स्टीलची. भिंतीवर मक्केचं चित्र असलेलं कॅलेंडर आणि अरबी अक्षरांत हाताने रंगवलेला 'हलाल' हा एक शब्द. चालवणारी बाई पन्नाशीची. तिचा भाचा मलेशियात शिकून आला होता, त्याला इंग्रजी येत होतं. संध्याकाळी तो मावशीला मदत करायचा. त्या दिवशी आम्ही सलाम केला, तिने उत्तर दिलं आणि पुढे काही न विचारता तीन वाडगे आणून ठेवले. तो माझ्या आयुष्यातला पहिला फो.

लिहिताना फो, उच्चार 'फ' आणि 'फा' यांच्या मधला कुठला तरी, आणि तोही आवाज आधी खाली नेऊन मग प्रश्न विचारल्यासारखा वर चढवायचा. तांदळाच्या रुंद, पांढऱ्या शेवया, त्यावर मांसाचे पातळ काप, आणि वरून उकळतं, अगदी नितळ पाणी. सोबत एका थाळीत पाला: तुळशीच्या जातीची एक वनस्पती, करवतीसारख्या कडांची लांब पानांची कोथिंबीर, मोड आलेले मूग, लिंबाची फोड, मिरचीच्या चकत्या. तो पाला हाताने तोडून आपणच घालायचा. हा पदार्थ मूळचा उत्तरेचा, नाम दिन्ह आणि हनोईकडचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेतून आठ-दहा लाख माणसं दक्षिणेत आली आणि आपली पातेली घेऊन आली. दक्षिणेच्या लोकांनी त्यात पाला वाढवला. फाळणीने माणसांच्या पाठीवर काय काय चढवून दिलं याचा हिशेब आपल्या उपखंडातही कुठे नीट मांडलाय? दिल्लीची निहारी कराचीत जाऊन बसली, तसंच हे.

मी पहिला चमचा तोंडात घातला. पाय्यांचा वास आणि चव मात्र पाय्यांसारखी नाही; तिखट नाही, तेल नाही, मसाल्याचा कणही दिसत नाही. मसाला पोटलीत बांधून सोडलेला आणि काम झाल्यावर काढून घेतलेला. हाडं रात्रभर मंद आचेवर. भाजलेल्या आल्याचा किंचित जळका सूर. मुलगा बोलत नव्हता, खात होता. त्याने वाडगा तोंडाला लावून शेवटचं पाणी प्यायलं, तेव्हा त्याच्या आईने तोंड फिरवून पदराने चष्मा पुसला. वाफ आली होती म्हणाली.

तिने स्वतः मात्र पहिल्या दिवशी अर्ध्यावर ठेवलं. ती सोलापूरकडची, हनफी घरातली. लग्नानंतर कोळंबीपर्यंत आली, कुर्ल्यांना अजून हात लावत नाही. तिच्या मनात शंका होती आणि शंकेला हातानेच उत्तर द्यायची तिची रीत. दुसऱ्या दिवशी ती सरळ आत गेली. मी दारातून पाहत होतो. दोघींना एकमेकींची एक अक्षरही भाषा येत नव्हती. बाईने झाकण काढून पातेलं दाखवलं, मांस धुवायची जागा दाखवली, सुरी दाखवली. मग हाडं पाण्यात सोडताना ती सवयीने जे पुटपुटली ते बायकोला ऐकू आलं. 'बिसमिल्ला' या शब्दाला तरजुमा लागत नाही. त्या दिवशी तिने वाडगा संपवला आणि वर माझ्यातले दोन काप उचलले.

वाडग्यातलं मांस मोठ्याचं होतं. फोचा मुख्य प्रकार तोच. आमच्याकडे २०१५ च्या कायद्यानंतर बैलही बंद झाला, राहिली म्हैस; तेव्हापासून मोठ्याचं मटण आणताना माणूस पिशवीत पिशवी घालून आणतो. तिथे दुकानात बसून, उघड्या रस्त्याकडे तोंड करून, निवांत खाताना पहिले दोन दिवस माझे खांदे आपोआप आवळले जात होते. मुलाने ते पाहिलं, बोलला नाही.

वाडग्याला चाळीस हजार डोंग. सव्वाशे रुपयांना दोन-तीन रुपये कमी. बाईने पैसे पुरते घेतले. पहिल्या दिवशीही आणि शेवटच्या दिवशीही. पाहुणे म्हणून सूट नाही, भारी आग्रह नाही. मला ते फार बरं वाटलं. तिने एकदा जरी 'राहू द्या' म्हटलं असतं तर संकोचाने आम्हाला रोज जाता आलं नसतं, आणि मुलाला तर मुळीच नाही.

आम्ही रोज जाऊ लागलो आणि फोच्या पलीकडचं कळू लागलं. एक दिवस तव्यावर काहीतरी चर्रकन वाजलं. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, हळद. पातळ जाळीदार, कडेने कुरकुरीत. 'बान्ह सेओ'. बाहेर रस्त्यावर यात डुक्कर आणि कोळंबी घालतात, इथे नुसती कोळंबी आणि मोड. मी म्हटलं, हे तर घावन! आमच्या आईने हळद घातली नसती आणि घावन मोडला नसता, एवढाच फरक. तो पाल्यात गुंडाळून माशाच्या खारवणीत बुडवून खायचा. ही खारवणी, 'नुओक माम', म्हणजे बारीक मासळी आणि मीठ थरावर थर देऊन लाकडी पिंपात महिनोन् महिने मुरवायची आणि खालच्या नळाने येणारा अर्क घ्यायचा. फान थिएत आणि फू क्वोक बेटाची प्रसिद्ध. पहिल्यांदा नाकाला लावली तर परदेशी माणूस दचकतो म्हणे. आम्ही सुकट, जवळा, खारवलेल्या बांगड्यात वाढलेली माणसं. मला तर आमच्या हर्णै बंदराचा ओटा आठवला. बायको मात्र सोलापूरची. तिने रुमाल नाकाला लावला तो चार आठवडे काढला नाही.

चाउ दोकहून बसने येणारी एक गोष्ट दोरीला टांगलेली असे. 'तुंग लो मो'. मोठ्याच्या आतड्यात मांसाचा खिमा आणि शिजवून गार केलेला भात भरून उन्हात वाळवतात. भातामुळे किंचित आंबूस चव येते. निखाऱ्यावर भाजून देत. नाव चाम भाषेतलं. व्हिएतनामी लोकांनी आपल्या जिभेला वळवून घेतलं. 'लमो' म्हणजे गाय. आणि कधीतरी जुम्म्याला तूप-भातावर मोठ्याचा घट्ट रस्सा, 'का पुआ' नावाचा, खोबरं आणि भाजलेल्या मसाल्याचा. तो खाल्ला आणि बायको म्हणाली, आता मला घरी गेल्यासारखं वाटलं.

एका संध्याकाळी आपल्याकडचे तीन व्यापारी आले. मशिदीत त्यांची-माझी ओळख झाली होती. मोठ्या शहरातले, उर्दू बोलणारे, सज्जन माणसं; नावगाव सांगत नाही. त्यांतल्या एकाने भिंतीकडे पाहून भाच्याला विचारलं, सर्टिफिकेट कुठाय? भाचा म्हणाला, सर्टिफिकेटला पैसे पडतात, आम्ही गल्लीतल्यांसाठी शिजवतो, गल्ली आम्हाला ओळखते. मग दुसरा प्रश्न: तुझं नाव काय? त्याने व्हिएतनामी नाव सांगितलं. सरकारदरबारी तेच असतं. "नाही, खरं नाव." त्याने अरबी नाव सांगितलं. चाम लोकांना दोन्ही नावं असतात, दोन्ही खरीच. मग तिसरा प्रश्न, तोही अगदी कौतुकाच्या सुरात: तुम्ही लोक मुसलमान केव्हा झालात?

पोरगा वाडगे पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "आमच्यात कुणाला तारीख माहीत नाही, सर. तुमच्यात माहीत आहे का?"

ते हसले, वाईट वाटून घेतलं नाही. पण जेवले नाहीत. चहा पिऊन निघताना त्यांतला एक आमच्या टेबलाजवळ थांबला. मी बायकोशी काहीतरी बोलत होतो ते त्याने ऐकलं असावं. "आप लोग आपस में मराठी बोलते हैं? घर में भी?" मी हो म्हटलं. "ताज्जुब है," म्हणाला, आणि सलाम करून गेला. या अंकाच्या वाचकांपैकी ज्याने हे वाक्य ऐकलेलं नाही त्याने हात वर करावा. आणि त्याची दुसरी बाजू, 'तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता हो', ते तर मी शाळेच्या स्टाफरूममध्ये बत्तीस वर्षं ऐकलं. मराठीच शिकवत असताना.

ते गेल्यावर भाचा आमच्या टेबलाशी येऊन बसला. बहुधा त्याला बोलायचं होतं. त्यांचं राज्य होतं, म्हणाला, चंपा. मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर. त्यांचे राजे शिवाची देवळं बांधत. मी सोनची ती लाल विटांची देवळं १९९९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. उत्तरेकडून व्हिएतनामी राजे सरकत आले, १४७१ मध्ये विजय नावाची राजधानी पडली. हळूहळू बरेच चाम मुसलमान झाले. समुद्रावरून येणाऱ्या व्यापाऱ्यांमुळे आणि मलय भाऊबंदांमुळे. आपल्या कोकण किनाऱ्यावर झालं त्याच्याच जवळपासचं. काही कंबोडियात गेले, तिथून काही चाउ दोकला आले. जे कंबोडियात राहिले त्यांचे १९७५ ते १९७९ मध्ये ख्मेर रूजने अतोनात हाल केले. जे मूळ मुलखात राहिले त्यांच्यात अजून दोन जमाती आहेत, एक 'बानी', म्हणजे जुन्या वळणाचे मुसलमान, आणि दुसरी 'बालामोन', हिंदू. बालामोन म्हणजे आपला ब्राह्मण शब्द! लिपीला ते 'अखर' म्हणतात. मी त्याला म्हटलं, आम्ही अक्षर म्हणतो. चाउ दोककडचे चाम मात्र तीच भाषा अरबी अक्षरांत लिहितात.

"आणि शेवटचं राज्य कुठलं पडलं?" मी विचारलं.

"१८३२ मध्ये. फान रांगचं. व्हिएतनामी लोक फान रांग म्हणतात, पण मूळ नाव वेगळं. पांडुरंगा."

बायको तोपर्यंत आमच्या बोलण्याकडे लक्ष न देता लिंबाच्या फोडी चोखत बसली होती. इंग्रजी तिला येत नाही. तो एक शब्द मात्र तिच्या कानावर पडला. "काय म्हणाला हा? पांडुरंग?"

मी सांगितलं. तिचा विश्वास बसेना. तिचे वडील मणियार. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात बांगड्यांचं दुकान मांडायचे, आणि ती लहानपणी काचेचा चुरा होऊ नये म्हणून गवतात बांगड्या लावायला बसायची. वारकरी बायका तिच्या वडिलांपुढे हात धरून बसत आणि ते डोळे खाली ठेवून बांगड्या चढवत. पांडुरंग हे नाव तिने अजानसोबत ऐकलंय. तिने भाच्याला मराठीत सांगायला सुरुवात केली, मी इंग्रजीत, तो चाम भाषेत मावशीला. आमच्याकडेही पांडुरंग आहे. राज्य नाही, देव आहे. कमरेवर हात ठेवून उभा आहे. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि काहीतरी विचारलं. भाचा हसू लागला.

"ती विचारतेय, तिकडचे मुसलमान त्याच्या गावात धंदा करतात का? आणि धंदा बरा होतो का?"

"होतो म्हणावं," बायको म्हणाली. "व्हायचा."

त्या रात्री बाईने आम्हाला लवकर उठू दिलं नाही. तिला बांगड्यांबद्दल सगळं विचारायचं होतं.

मुलाचं पुढे सुरळीत झालं. दुपारच्या डब्याचीही सोय तिथेच लागली, महिन्याच्या हिशेबाने. महिन्याचं जेवण बिर्याणीच्या बारा-तेरा प्लेटच्या पैशांत. वजन भरून आलं. मग २०२१ च्या जुलैत शहर बंद झालं, ते कडक बंद ऑक्टोबरपर्यंत चाललं. मुलगा एका खोलीत आणि खानावळ कुलपात. त्या साथीत सायगावात फार माणसं गेली. बाईचा थोरला भाऊ गेला. तो गाडीवर बर्फ विकायचा. आम्ही त्याला रोज पाहत होतो, बोललो कधी नव्हतो. भाच्याने फोनवर कळवलं तेव्हा इथे बायकोने यासीन पढली. ऑक्टोबरनंतर बाईने पुन्हा पातेलं चढवलं, चार टेबलांवर. २०२२ च्या रमजानला मुलगा इफ्तारीला तिथेच होता. मशिदीत मोठ्या कढईतली पेज, आणि तरावीहनंतर अर्धा वाडगा फो. त्याच वर्षी कंपनीने त्याला पुण्याला परत आणलं.

आता आमच्या घरी तो कधीकधी होतो. दापोलीत कसायाला हाडं मागितली की तो म्हणतो, पाये करणार का गुरुजी? मी हो म्हणतो, समजावत बसत नाही. तांदळाच्या त्या रुंद शेवया मुंबईत मिळतात, पण महाग. बायको घरच्याच शेवग्यावर तांदळाच्या शेवया पाडते. त्या बारीक होतात आणि पाण्यात लवकर मोडतात. करवती कोथिंबिरीऐवजी साधी, त्या पाल्याऐवजी अंगणातली सब्जाची पानं. नुओक मामची बाटली मुलाने आणली होती ती ती घराबाहेर, पडवीत ठेवते. पहिल्यांदा केला तेव्हा माझी थोरली बहीण वाडग्यात डोकावून म्हणाली, "यात मसाला घालायला विसरलीस का गं?" आणि मग खाता खाता गप्प झाली.

मुलगा परत येताना बायकोने त्याला तिथून चक्रीफूल आणायला सांगितलं होतं. तो फोनवर हसला. म्हणाला, अम्मी, आपल्या बाजारात मिळतं त्यातलं बरंचसं इथूनच येतं, लांग सोनच्या डोंगरातून. तेच ते आहे. उगाच वजन कशाला?

"तेच असू दे," ती म्हणाली. "तू तिच्या डब्यातलं आण. पाव किलो. आणि पैसे दे तिला, पुरते."